विमलताईंनी पाहिलेले तळहात

समारंभाच्या अध्यक्षा डॉक्टर सुरभी मॅडम, व्यासपीठावरील मान्यवर, आज सेवानिवृत्त होणाऱ्या आपल्या लॅबच्या विमलताई, माझ्या आशा भगिनी आणि तांड्यावरून आलेली मंडळी, सर्वांना बबिताचा नमस्कार.

ताईंच्या सेवेचा गौरव मान्यवरांनी केलाच आहे. मी माझ्या घरात घडलेलं तेवढं सांगते.

सहा वर्षांपूर्वी आमचे हे, भारत, वणीहून कोळशाचा ट्रक चालवत. पोळ्याला घरी आले ते चेहरा सुजवूनच. पायात चप्पल चढेना, लघवीला फेस. किडनी गेली, आता नागपूरला डायलिसिस, असं सगळा तांडा बोलू लागला. इथं आपल्या दवाखान्यात तपासलं तर लघवीतून प्रोटीन जात होतं. रक्त घेताना ताईंना यांच्या तळहातांवर तांबूस डाग दिसले. त्यांनी डॉक्टरांना सांगून गरमीचीही, म्हणजे सिफिलिसचीही, तपासणी करवली. गरमीच निघाली. तिनंच किडनीला इजा केली होती.

हा आजार कशातून होतो, हे मला कोणी समजावून सांगायची गरज होती का? यांनी मान खाली घालून कबूल केलं. मी पोरीला घेऊन माहेरी निघाले. ताई फाटकापर्यंत मागे आल्या, माझंही रक्त तपासू म्हणाल्या. मी काय केलं, असं मी विचारलं.

"तुनं काहीच नाही केलं बाई. पन आजार ते पाहत नाही. भांडण मंग कर, आधी सुई घे."

माझ्याही रक्तात निघाली. दोघांना पेनिसिलिनची इंजेक्शनं दिली. यांची सूज महिन्याभरात उतरली, पुढं लघवीही साफ झाली. डायलिसिस लागलंच नाही. ताईंनी हे कुठं बोलून दाखवलं नाही. आणि भांडण? ते मी वर्षभर केलं, अगदी सवडीनं. हसा मॅडम, आता मीही हसते.

मग मी आशा झाले. माझ्या शब्दावर अकरा जोडपी तपासणीला आली आहेत. लाजून घरी बसलो असतो, तर आज हे चौथ्या रांगेत बसलेले दिसले असते का?

भाषणात हे सांगू का, असं सकाळी यांनाच विचारलं. म्हणाले, "नाव घेऊन सांग. कोणाची तरी किडनी वाचंल."

बोलायला उभं केलंत, आभारी आहे. काही जास्त बोलले असेन तर पदरात घ्या. ताई, तुम्ही पाहिलंत म्हणून माझं घर आहे.