फॉर्मवरचा एक प्रश्न

दवाखान्यातल्या बाकावर माझ्या शेजारी दोन जावा बसल्या होत्या. थोरलीची पंधरा वर्षांची मुलगी तपासणीसाठी रक्त द्यायला आत गेली होती आणि थोरली तिचा फॉर्म भरत होती.

“थकवा कधीपासून? आठ महिने. लहानपणी मूल उदास असायचं का? नाही.”

“ताई, तिथे हो लिहा.”

“का म्हणून? हसतखेळत वाढलीय ती.”

“तिसरीत असताना शाळेतून आली की माझ्या खोलीत येऊन पडायची. म्हणायची, काकू, मला काहीच आवडत नाही.”

“मला कधी बोलली नाही.”

“तुम्ही कामावरून दमून यायचात. आईला सांगू नकोस म्हणाली.”

“आणि तू सात वर्षं गप्प बसलीस.”

“वाटलं, मोठी झाली की जाईल.”

“माझी पोर तुझ्याकडे यायची, तेव्हा बरं वाटत असेल तुला.”

“वाटायचं. खोटं कशाला बोलू?”

“आता अंथरुणातून मी उठवते, वेणी मी घालते. आणि ती विचारते, काकू कुठाय.”

“ताई, असं नका बोलू.”

“रडायची का तेव्हा?”

“नाही. भिंतीकडे तोंड करून पडायची. मी पाठीवरून हात फिरवत बसायचे.”

थोरलीने ‘नाही’ खोडलं आणि वर ‘हो’ लिहिलं.

“अजून काय काय सांगायची? ती बाहेर यायच्या आत सगळं सांग. आणि आत गेल्यावर तू बोलू नकोस. डॉक्टरांना मी सांगणार.”