पान बेचाळीसवरचा फोन

सल्लागार : पान बेचाळीस. फोन तीनदा वाजतो, कोणी उचलत नाही. कोणाचा फोन हा?

लेखक : ताई, चार वाजता नट वाचनाला येतायत. दिग्दर्शकाला हा पाचवा खर्डा पसंत आहे. आता फोनचं काय घेऊन बसलात?

सल्लागार : वडील शेवटचे श्वास घेतायत. मुलगा उशाशी, आई पायाशी. घरातली सगळी माणसं खोलीत, मग फोन करतंय कोण?

लेखक : मागच्या खर्ड्यातलं राहून गेलं असेल. खोडा.

सल्लागार : मी खोडत नाही. प्रश्नचिन्ह काढते.

लेखक : तेच तर! लिहायचं मी, बसवायचं दिग्दर्शकानं, बोलायचं नटांनी. आणि तुम्ही नुसती चिन्हं पेरत बसायचं!

सल्लागार : खर्डे वाचून शंका काढायलाच नाटक कंपनीनं ठेवलंय मला. पहिल्या खर्ड्यात मुलगा परगावी तालमीत असतो. आई फोन करते, तो कट करतो. बाप जातो. ते वाचताना माझा चहा गार झाला होता. दुसऱ्यात पोरगा दारापर्यंत पोचला. आता बापाचा हात धरून बसलाय. दर खर्ड्याला घराच्या जवळ जवळ येतोयस तू.

लेखक : तो. मुलगा. मी नाही.

सल्लागार : बरं, तो.

लेखक : नाटक आहे हे, पंचनामा नाही! आई येणार आहे आज. तालमीच्या हॉलमध्ये रेंज नव्हती असं सांगितलंय मी तिला. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. आता चारचौघांत तिनं ऐकायचं, की पोरानं नाव बघून फोन कट केला?

सल्लागार : पहिला खर्डा वाच आज.

लेखक : तुमचं काय जातंय? घर माझं मोडेल.

(लेखकाचा फोन वाजतो.)

सल्लागार : आईचा आहे. उचल.

लेखक : नंतर करतो.

सल्लागार : बघ, पान बेचाळीस.

लेखक : ...हॅलो. आई, तू आज येऊ नकोस.

आई : अरे, चपला घालून दारात उभी आहे मी. का?

लेखक : नाटक बाबांवर आहे. त्रास होईल तुला.

आई : वाटलंच होतं. फोनचं घातलंयस का त्यात?

लेखक : कसला फोन?

आई : पुरे आता. रेंज नसली की फोन लागत नाही. तुझा वाजायचा आणि मध्येच कट व्हायचा. तीनदा. न कळायला मी काय कुकुलं बाळ आहे?

लेखक : मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?

आई : कुठल्या तोंडानं बोलू? चौथ्यांदा लावलाच नाही मी. राग आला होता. म्हटलं, नाही उचलत तर राहिलं. पुन्हा लावला असता तर उचलला असतास तू. भांडी घासायला बसले की हेच येतं मनात.

लेखक : आई, तिसऱ्यानंतर मी फोन बंदच करून टाकला होता. चौथ्यांदा लागलाच नसता.

आई : खरं? की माझं मन राखायला?

लेखक : तुझी शपथ.

आई : ...मेल्या. सहा वर्षं रे.

लेखक : येतेस ना?

आई : निघाले.

सल्लागार : हा घे पहिला खर्डा. काढूनच ठेवला होता.

लेखक : पेन्सिल पण द्या. फोन बंद केल्याचं मी त्यातही लिहिलेलं नाही.