वर्तुळात मावेल एवढं

नको काकू, खरंच नको — नाही, बिस्किटं चांगलीच असणार, घरून एवढी डब्यात घालून आणलीत तुम्ही — पण ती आत आहे ना, माझी बहीण, ती बाहेर आल्या आल्या आधी माझ्या तोंडाकडे बघते. ओठाला चुरा लागलाय का ते. लागलेला दिसला तर रागवत नाही हं, उलट खूश होते — दादा, खाल्लंस? अजून खा ना — घरी तर आग्रह करकरून वाढते, समोर बसून राहते, आणि माझं ताट रिकामं झालं की जणू तीच पोटभर जेवली अशा तोंडानं भांडी घासायला जाते. म्हणून इथं तरी नको. राहू दे, ठेवा तुम्ही. तुमचा नंबर सव्वीस ना? मग वेळ आहे. आत चोवीस चाललाय, तो आमचाच. आहाराच्या बाई एकेकाला अर्धा-पाऊण तास घेतात.

पंधरा. पंधरा पूर्ण झाली आत्ताच. बारीक म्हणताय — काकू, तुम्ही तिला स्वेटरमध्ये बघितलंत, आत अजून दोन सदरे आहेत. लहानपणी मी तिला ढबू म्हणायचो. गाल असे, की कानटोपी घातली की डोळे शोधावे लागायचे. मी गल्लीच्या तोंडापासून ओरडायचो, ए ढबू! — आणि ती खिडकीतून जीभ काढून दाखवायची. आता नाही म्हणत. म्हणवत नाही.

नाही हो, पोटाचं काही नाही, सगळं तपासून झालं. शाळेत कवायतीच्या तासाला चक्कर येऊन पडली, हनुवटीला तीन टाके पडले, तेव्हा कळलं की डबा ती रोज वाटून टाकत होती. मैत्रिणींना वाटायचं, केवढं मोठं मन! आईला वाटायचं, डबा चाटूनपुसून येतोय, पोरगी जेवतेय. आणि मला — मला काय वाटायचं? मला काही वाटतच नव्हतं, मी आपला खोलीत दार लावून कामात. तिच्या डोक्यात हे शिरलं कुठून म्हणता? हो, मोबाईलच. बरोबर ओळखलंत. एक बाई आहे, सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत आपण काय खाल्लं ते दाखवते. लिंबू पिळलेलं पाणी, मग अर्धं सफरचंद, मग वाटीत काहीतरी हिरवं — आणि केस चमकतायत, खिडकीतून ऊन आलंय, बाई हसतेय. मुली बघतात. लाखांनी बघतात. त्यांना वाटतं तेवढंच खाल्लं की तसंच ऊन आपल्याही खिडकीत येणार.

हो ना. फोडूनच काढलं पाहिजे असल्यांना. चुकीचं नाही तुमचं.

त्यातल्या एकाला मी ओळखतो. — बाईंना नाही, बाईंचं काम करणाऱ्याला. माझा मित्रच आहे म्हणा ना. त्या नुसतं शूटिंग करून पाठवतात, तो ते कापतो, जोडतो, गाणं लावतो. साधा मुलगा आहे हो. दहावी अर्धवट सोडली, चार माणसांत बोलायचं म्हटलं की कान लाल होतात, त्याला हे काम बरं पडलं — कुणाशी बोलायला नको. त्या कामाची एक रीत असते. घास तोंडाजवळ गेला की कापायचं. चावताना माणूस चांगलं दिसत नाही, गाल हलतात, ओठाला काहीबाही लागतं — म्हणून घास तोंडाजवळ, कट, लगेच रिकामी वाटी. मध्ये काय झालं ते कुणी बघत नाही. त्या वाट्यासुद्धा कितीदा रिकाम्या होतच नाहीत, बाजूला सारतात फक्त. आणि शूटिंग संपलं की बाई काय करतात माहितीय? एकदा कॅमेरा चालूच राहिला होता, आणि त्या स्वयंपाकघरात खाली फरशीवर बसल्या, भिंतीला पाठ टेकून, मांडीवर पातेलं घेऊन — उकडलेले बटाटे, लोणी, दोन अंडी, पावाचे जाड जाड तुकडे — अकरा मिनिटं खात होत्या. मध्येच स्वतःच्या बहिणीशी फोनवर बोलतायत, हसतायत, हनुवटीवर लोणी. काकू, त्या अकरा मिनिटांत जेवढ्या सुंदर दिसल्या तेवढ्या त्या कधीच — मी खोटं नाही सांगत — पाठवताना म्हणाल्या, अरे, शेवटचं ते काढून टाक बरं का. काढलं मी.

म्हणजे त्यानं. मित्रानं.

अं? काही नाही, पंखा बघत होतो. आवाज करतो ना हा.

तुम्ही चेहरा वाचता वाटतं. मुलं वाढवलीत तुम्ही, तुमच्यापुढं काय लपणार. हो. मीच आहे तो. फोडून काढायचं म्हणालात ना, तो हाच बसलाय तुमच्या शेजारी. घरी कुणाला ठाऊक नाही, घरी वाटतं मी लग्नाचे व्हिडिओ करतो. बायकांच्या न्याहारीचे करतो म्हणायला लाज वाटायची हो, दुसरं काही कारण नाही. एवढ्याशा लाजेपायी — एक दिवस ढबू माझ्या खोलीत आली, मोबाईल नाकापुढं धरला, म्हणाली, दादा बघ ना, किती छान आहे ही! मी बघितलं तर माझंच काम. आदल्या आठवड्यातलं. काय वाटलं सांगू? अभिमान वाटला. आपल्या बहिणीला आपलं काम आवडलं म्हणून गुदगुल्या झाल्या. म्हणालो, हो, छान आहे. झालं. एवढंच बोललो. तेव्हा बोलायला हवं होतं की अगं वेडे, हे सगळं कापलेलं आहे, त्या बाई पातेलंभर बटाटे खातात. एक वाक्य. एका वाक्याला काय लागतं?

नाही, तुम्ही समजूत घालू नका. अजून सांगितलंच नाही मी.

व्हिडिओच्या कोपऱ्यात एक वर्तुळ असतं. हिरवं, वर छोटंसं पान. दिवसभरात किती कॅलरी खाल्ल्या त्याचा आकडा त्यात येतो. ते वर्तुळ मी काढलं, पान मी काढलं, बाईंना फार आवडलं. पहिल्यांदा त्यांनी आकडा पाठवला तो चार अंकी होता. कुठून आणला देव जाणे, पण माणसाच्या जेवणासारखा तरी होता. तो काही वर्तुळात बसेना. अक्षर बारीक केलं तर मोबाईलवर दिसेना, वर्तुळ मोठं केलं तर बाईंचा चेहरा झाकायला लागला. मी कळवलं, चार अंक बसत नाहीत. त्या गडबडीत होत्या, म्हणाल्या, मग बसेल असं काहीतरी घाल रे. मी तीन अंकी घातला. — कसा म्हणजे? असाच. गोल गोल आकडे चांगले दिसतात म्हणून तसे निवडले. दोन मिनिटं लागली असतील. नंतर रोज तोच, कधी थोडा कमी, कधी थोडा जास्त. कुणी विचारलं नाही. बाईंनीही नाही.

आकडा नाही सांगत तुम्हाला. आहाराच्या बाईंनी बजावलंय, घरात तो उच्चारायचा नाही. टाके घातले त्या दिवशी आई कपाटातून तिचे कपडे घ्यायला गेली, तर कपाटाच्या दाराला आतल्या बाजूनं चिकटवलेलं — ते वर्तुळ. तिनं हातानं काढलेलं. पानासकट. आत माझा आकडा, आणि खाली रोजचे तिचे, प्रत्येक दिवशी माझ्यापेक्षा कमी. चार महिन्यांचे. आई मला विचारते, हे काय रे? तुला काही कळतंय का? मी म्हणालो, शाळेचं काहीतरी असेल.

असं म्हणालो मी, काकू. तिच्या हनुवटीला पट्टी होती आणि मी म्हणालो शाळेचं असेल.

काम? सोडलं. त्याच आठवड्यात. पण सोडून काय उपयोग, वर्तुळ आहेच, आता दुसरा कुणीतरी भरतो. इथल्या बाई म्हणतात, तिच्या डोक्यातला तो आकडा हलत नाही. आम्ही काहीही सांगितलं तरी म्हणते, ती बाई तर तेवढ्यावर छान आहे. पुढच्या आठवड्यापर्यंत वजन नाही वाढलं तर भरती करून घेणार, नळी घालणार नाकातून. आणि मी रोज तिच्या समोर बसून जेवतो, तोंडात घास, खिशात मोबाईल. अकरा मिनिटं आहेत त्यात. त्या म्हणाल्या होत्या काढून टाक — व्हिडिओतून काढलं, टाकलं मात्र नाही. का ठेवलं? आवडलं म्हणून ठेवलं. बाकी सगळं मी बनवलेलं, तेवढंच खरं होतं. दाखवायला हवं, कळतं मला. पण ते दाखवलं की विचारणार ना, दादा, तुझ्याकडे कसं आलं? मग वर्तुळ आलं. मग कपाट आलं. मला ती दादा म्हणते, काकू. जगात त्या बाईनंतर ती माझंच ऐकते. तेही गेलं तर उद्या तिला भरवणार कोण? — मी स्वतःलाच वाचवतोय होय ना? भरवण्याचं नाव सांगून. बोला की. तुम्ही मघापासून डब्याचं झाकण नुसतं उघडताय नि लावताय.

खुर्ची सरकली आत. झालं वाटतं त्यांचं.

द्या. ते बिस्किट द्या इकडे — नाही, दोन द्या. आणि काकू, रागावू नका, पण तुम्ही जरा पलीकडच्या बाकावर बसता का? तिला फार वेळ उभं राहवत नाही, आणि मला ती इथं, शेजारी — बघा, ओठाकडेच बघतेय — ये, ढबू. बस. एक दाखवायचंय तुला. आवाज थोडा मोठा करतो.