भिंतीवरचा कॉम्प्युटर

जमलेल्या सगळ्यांना नमस्कार. दामूकाका पेंटरांविषयी बोलायला मला उभं केलंय. बोलायची सवय नाही, म्हणून मी सगळं लिहून आणलं होतं. तो कागद आता खिशात ठेवतो. इथे येऊन जे पाहिलं, त्यानंतर तो उपयोगाचा राहिला नाही.

मी आठवीतून शाळा सोडली आणि काकांकडे ब्रश धरायला शिकलो. आज वडपे गावच्या गोदामांवर पाट्या रंगवतो, ते त्यांच्यामुळे.

आता माझ्यामागचा हा फ्लेक्स बघा. आपल्या या शाळेच्या अध्यक्षांनी श्रद्धांजली म्हणून लावलाय. अध्यक्षांचा चेहरा केवढा? काकांचा केवढा? गेलंय कोण? आणि काकांच्या अंगात कोट-टाय! दुसऱ्या कोणाच्या तरी धडावर काकांचं डोकं चिकटवलंय. मघाशी काकूंनी मला हळूच विचारलं, "बाला, ह्यो कोन हाय? आमचं मानूस कुठं लावलंय?"



जन्मभर बाहीला रंग पुसणारा माणूस. त्याला कोट घातला. विचारायला तो उरला नाही, म्हणून घातला. आणि अध्यक्ष आत्ता इथे म्हणाले, "हे डिजिटल युग आहे, दामूसारख्यांचं काम संपलं." शोकसभेत म्हणाले! तुमच्या युगाने या शाळेत काय केलं, ते मी सांगतो.

तुम्ही कॉम्प्युटर दिलात. नारळ फोडलात, फोटो काढलेत, खोलीला कुलूप लावलंत. कधी उघडलीच तर चपला काढून आत जायचं, हात लावायचा नाही. एवढं करून आत गेलं, की लाइट नाही. मुलांनी शिकायचं कशावर? तुमच्या फोटोवर?

शेवटी शाळेतले सर काकांकडे आले. म्हणाले, "दामू, भिंतीवर एक कॉम्प्युटर काढून दे."

काका म्हणाले, "देतो की. माझा तर लाइट गेल्यावर पन चालंल."

बंद खोलीच्या खिडकीतून बघून बघून काकांनी एकेक बटण भिंतीवर उतरवलं. मुलं रांग लावून त्यावर बोटं मारायची. एक पोरगी रडवेली झाली, "काका, माझं नाव उमटत न्हाय!" काकांनी ब्रश उचलला आणि भिंतीवरच्या पडद्यावर तिचं नाव लिहिलं. "उमटलं ना? आता फुडचा कोन?" मग रोज नवं नाव. जुनं पुसायचं, नवं लिहायचं. बोटांनी बटणांचा रंग उडायचा, काका पुन्हा भरायचे.

ती भिंत कुठाय? या फ्लेक्सच्या मागे. दोऱ्या बांधायला खिळे थेट बटणांत ठोकलेत. आणि उद्या तिला चुना लावणार आहेत. फ्लेक्स मात्र कायम राहणार, असं अध्यक्ष म्हणतात. कायम? दोन उन्हाळ्यांत रंग उडून तुमचाही चेहरा निळा पडेल, साहेब.

रागवायचं तर रागवा. उद्या मला गावात काम मिळणार नाही, तेही मला कळतं. पण या कोटवाल्यासमोर मी स्तब्ध उभा राहणार नाही. दोघे जण पुढे या. दोऱ्या सोडा. काकू, तुम्ही इथे पुढे बसा.

आजारी पडायच्या आदल्या दिवशी काकांनी पडदा पुसून ठेवला होता. तो अजून कोराच आहे. मी त्यांचाच ब्रश आणलाय. एक नाव लिहायचं राहिलंय.

ते लिहून होईपर्यंत कोणी बोलू नका.