झेनमाईचा उतार

तोकी: वर पाटीसुद्धा लावलीस? कमाल आहे तुझी, सेइजी! म्हणे ‘झेनमाईचा उतार’! आपल्या घरात त्या जागेचं नाव कुणी मोठ्यानं घेत नाही.

सेइजी: अगं ताई, साधा नेचा तो, कोवळ्या कोंबांची रानभाजी. टोकियोहून माझ्या ओळखीची बारा माणसं कोंब खुडायला आली होती, त्यांना वाट सापडावी म्हणून लावली.

तोकी: साधा? मग बारा जणांना इतक्या लांब कशाला आणलंस? आत्ताच बघून आले मी. एका गड्ड्यावर एक कोंब ठेवलेला नाही. नर कोंबसुद्धा खुडलेत मेल्यांनी!

सेइजी: नर कुठला, मादी कुठली, त्यांना काय कळतंय?

तोकी: तुला कळतंय ना? त्यापायी आईचा मार खाल्लायस लहानपणी! नराला हात लावायचा नाही, तो बी धरतो. मादीचे तीन तरी सोडायचे. असं बोडकं केलं तर गड्डे मरतात, सेइजी. आजोबांच्या वेळचे गड्डे ते!

सेइजी: हळू बोल, आई अंगणात आहे. पोतंभर आणलेत ना तुमच्यासाठी! वरचा कापूस काढून, उकळून दिलेत. सकाळपासून उन्हात चटईवर मळून वाळवत बसलीय. खूश आहे.

तोकी: त्याच्यावरच तर जगते ती! बर्फ वितळलं की तेवढंच एक काम उरलंय तिच्या हातांना. पुढच्या वर्षी काय मळायला देऊ, तुझी पाटी? आणि तुला जागा सांगितली कुणी? घरात एकालाच सांगतात. मी वीस वर्षं तिचं सगळं केलं, तेव्हा कुठे मला सांगितली.

सेइजी: आईनंच. नववर्षाला, फोनवर. मी विचारलंही नव्हतं.

तोकी: खोटं बोलू नकोस.

सेइजी: शपथ, ताई.

तोकी: सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवत नाही तिला! आणि तू तिचा शब्द धरून माणसं घेऊन चढलास? लाज नाही वाटली?

आई (अंगणातून): तोकी! अगं, यात नर कोंब आहेत! बोटांना लागतायत माझ्या. तू खुडलेस?

सेइजी: मी आणलेत, आई.

आई: तू? तुला जागा कुणी सांगितली? बोल ना! घरातलं कोण फुटलं?

(सेइजी ताईकडे बघतो.)

तोकी: मी सांगितली, आई. चुकलं माझं.