नानांची गिरणी

दुकानदारानं गावात मिसळून राहावं म्हणता ना, मग आमच्या नानांचं ऐका. शिरपूरजवळच्या आमच्या गावात पिठाची गिरणी एकच, त्यांची. कुणाकडे मयत झाली की त्या घरची चूल पेटत नाही. शेजारच्या बायका पिठलं-भाकरी करून नेतात, आणि त्यांचं दळण नाना सगळ्यांच्या आधी घेतात.

मागच्या वर्षी नानांची बायकोच गेली. तिच्या आजारपणात गिरणी बंद होती. आम्ही स्मशानातून परतलो, तर गिरणीच्या ओट्याशी बायका ज्वारीचे डबे घेऊन उभ्या. शेवटी माझी आई म्हणाली, "नाना, तुमना घर भाकरी देवानी शे, पन कोनाच घरमा पीठ नही शे."

मला आईचा असा राग आला. आजच्या दिवशी हे बोलायचं?

नाना वळले. अंघोळीच्या ओल्या कपड्यांनिशी गिरणीत गेले, पट्टा चढवला आणि सगळ्यांची ज्वारी दळून दिली.

संध्याकाळी आईनं त्यांना भाकरी वाढली. पहिला घास ते बराच वेळ चावत राहिले.

"पीठ जाडं राहिलं," म्हणाले. "जाडं की बारीक, चिमटीत धरून तीच सांगायची."