बसथांब्याचा बदलीचा अर्ज

आदरणीय अध्यक्ष, म्हणजे आपल्या मोठ्या मॅडम. व्यासपीठावर बसलेले सगळे साहेब लोक. आजचे सत्कारमूर्ती, वेळापत्रक विभागाचे आपले काका. पहिल्या रांगेतल्या काकू. आणि मागे दाराला टेकून उभे असलेले माझे वर्कशॉपवाले, सगळ्यांना माझा नमस्कार.

मला भाषणाचा अनुभव नाही. शाळेत सगळ्यांसमोर पुष्कळ वेळा उभा राहिलोय, पण ते बाकावर. आज मॅडम म्हणाल्या, "तूच बोलायचंस. सुरुवात तूच केलीस." म्हणजे हीसुद्धा शिक्षाच, फक्त माइकसकट.

नवीन लोकांसाठी सांगतो. मी टायर विभागातला. हॉस्पिटलसमोरच्या थांब्यावर आपली चौदा नंबरची बस रोज उशिरा पोचायची. डायलिसिसला जाणारी माणसं, ड्युटीवर जाणाऱ्या नर्स, सगळे वैतागलेले. एका नर्सताईंनी तक्रार लिहिली. ती आपल्या ऑफिसात अकरा महिने फिरली. चौथ्या मजल्यावर वेळापत्रक, तिसऱ्यावर थांबे, दुसऱ्यावर चालक, मागच्या शेडमध्ये आम्ही. प्रत्येकाने काय केलं? "अभिप्रायासाठी सादर" लिहिलं आणि दिली पुढे ढकलून. चौदा नंबरपेक्षा त्या फाइलच्या फेऱ्या जास्त झाल्या!

आमच्याकडे आली ती "टायरबाबत अभिप्राय द्यावा" म्हणून. काय देणार अभिप्राय? टायर गोल आहेत. मग मला सुरसुरी आली. मी फाइलला एक अर्ज टाचला. "मी हॉस्पिटलसमोरचा बसथांबा. बावीस वर्षं एकाच जागी उभा आहे. पाय दुखतात, लोक शिव्या देतात. तरी माझी बदली व्हावी."

वाटलं, कुणीतरी हसेल, कुणीतरी कान पिळेल. छे! चालक विभागाच्या दादांनी लिहिलं, "हरकत नाही." थांब्यांच्या ताईंनी लिहिलं, "शिफारस." आणि आपल्या काकांनी, काय ते मोत्यासारखं अक्षर, लिहिलं, "अर्जदाराने सेवापुस्तकाची प्रत जोडावी."

हसा, हसा. काकाही हसतायत बघा. तेव्हा नव्हते हसले. कारण कागद पोचला मॅडमकडे, आणि मॅडमना एक वाईट खोड आहे. त्या वाचतात.

मी दुसऱ्याच दिवशी सापडलो. 'महोदय'ला 'मोहदय' लिहिणारा अख्ख्या परिवहन सेवेत मी एकटाच, माझे रजेचे अर्ज साक्षीला होतेच.

सह्या करणारे तिघं आणि मी, चौघांना बोलावणं आलं. माझं काय, गेलो असतो दुसऱ्या गॅरेजात. पण काकांचं तोंड बघवेना. निवृत्तीला आठ महिने, छत्तीस वर्षांत एक लाल शेरा नाही, आणि आता चौकशी! जिन्यात मी विचारलं, "काका, वाचलं नाहीत का हो?"

"गाढवा, वाचलं असतं तर सही केली असती का?"

मॅडम म्हणाल्या, "चौकशीचा कागद माझ्या ड्रॉवरमध्ये राहील. उद्यापासून चौघं एका टेबलावर बसा. विभाग विसरा. काका निवृत्त व्हायच्या आत चौदा नंबर वेळेवर आली, तर कागद फाडते. नाहीतर वर पाठवते." आता अशी नऊ टेबलं झालीत, परिपत्रकात त्यांना 'संयुक्त प्रकल्प गट' असं भारदस्त नाव आहे. तेव्हा लोक आमच्याला 'आरोपींचं टेबल' म्हणायचे.

पहिला आठवडा कुणी कुणाशी बोलेना. ताईंनी तर टेबलावर खडूने हद्द आखली होती. आठव्या दिवशी दादा एकदम फुटले, "हॉस्पिटलला व्हीलचेअर चढवायला चार मिनिटं लागतात. तुम्ही वेळापत्रकात एक दिलंय!"

काका म्हणाले, "मग इतक्या वर्षांत कधी सांगितलं नाहीत ते?"

"रोज सांगतो."

"कुणाला?"

"कंडक्टरला!"

दुसऱ्या दिवशी काका बावीस वर्षांनी चौदा नंबरमध्ये चढले. हातात वही आणि घड्याळ. थांबा सिग्नलच्या अलीकडे. माणसं चढली, दार लागलं, की सिग्नल लाल. प्रत्येक फेरीला. ताई म्हणाल्या, "थांबा साठ पावलं पुढे नेला तर सुटेल हे."

काकांनी विचारलं, "मग नेला का नाहीत?"

"मला फक्त शिफारस विचारली होती."

महिन्याभरात थांबा हलला. व्हीलचेअर चढवायची अडकणारी फळी आमच्या शेडने नीट केली. तरी सकाळची फेरी सहा मिनिटं मागेच! काकूंचा मला फोन, "अरे, यांना घास उतरत नाही. काही होईल का रे?" मी मोठ्या तोंडाने म्हटलं, "होणार काकू." आणि फोन ठेवून टायरवर बसून राहिलो. मस्करी माझी होती, घास त्यांचा अडला होता.

मग काकांनी काय केलं माहितीय? स्वतःच्या हाताने बसवलेलं बावीस वर्षांचं वेळापत्रक स्वतःच खोडलं. दादा शेजारी बसून एकेक मिनिट सांगतायत, काका लिहितायत. मागच्या वीस दिवसांत एकाही फेरीची वेळ चुकली नाही. आज सकाळी मॅडमनी आमच्यासमोर तो कागद फाडला. काकांनी चष्मा काढला, पुसला, घातला, परत काढला.

मी म्हटलं, "काका, रडताय?"

"गाढवा, काच खराब आहे."

आठ महिन्यांनी आज माझा श्वास पूर्ण आत गेला, खरंच सांगतो. काका स्वच्छ चाललेत. मॅडम, तुमचे आभार. दादा, ताई, तुमचे आभार, ताईंनी खडू टाकून दिल्याबद्दल खास. काकू, तुमचे तर पाय धरले पाहिजेत.

अजून पुष्कळ बोललो असतो, पण काका मघापासून मला घड्याळ दाखवतायत. ते दोघं घरी चौदा नंबरनेच जाणार आहेत, चार दहाच्या, खालच्या फाटकावरून. पूर्वी मी अर्धा तास जास्त बोललो असतो तरी गाडी मिळाली असती. आता ती वेळेवर येते. तेव्हा जिभेला हाड नसल्यामुळे कुणाला काही लागलं असेल तर मोठ्या मनाने सोडून द्या, आणि बाजूला व्हा, काका-काकूंना वाट द्या. चार वाजून सहा झालेत.